परदेशी घर, किशोरवयाचे प्रश्न

मुंबईत जन्मलेल्या मिंडा डेंटलर यांचे पाय पोलिओने बालपणीच लुळे पडले. तिसऱ्या वर्षी त्या अमेरिकेत दत्तक गेल्या, शस्त्रक्रियांनंतर कुबड्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये हवाईतली आयर्नमॅन जागतिक स्पर्धा पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला व्हीलचेअरपटू ठरल्या.

छत्रपती संभाजीनगरात ‘साकार’ ही संस्था दत्तकविधानाचं काम करते. देशातल्या अशा संस्थांमधून मिंडांसारखी विशेष गरजा असलेली अनेक मुलं परदेशी घरी जातात. दत्तक गेल्यावर नियमानुसार पाठपुरावा दोन वर्षांचा. प्रश्न मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षी उसळतात. मला का सोडलं? माझ्या व्यंगामुळेच का? घरात कुणाचाच रंग जुळत नाही, वर्गात सगळ्यांची नजर श्रवणयंत्रावर. मग कुणी दार आपटतं, कुणी बोलेनासं होतं. याला उर्मटपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. परदेशात दत्तक गेलेली बहुतेक मुलं चांगली रुळतात, असं त्यांना दिसलं. आधी उपासमार, हेळसांड सोसलेल्यांना मात्र वर्तनाच्या अडचणी जास्त.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दत्तक गेलेलं मूल स्वतः आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करू शकतं, त्याआधी आईवडिलांसह. म्हणून संस्थांनी जुनी फाईल, पहिला फोटो, उपचारांचे कागद जपून ठेवायलाच हवेत.