रविवारचे वाचन



उपनगरातल्या माणसाला आठवड्यात स्वतःचा असा एकच दिवस मिळतो. घाटकोपर असो, मुलुंड असो वा बोरिवली, सहा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर जातात. रविवारी बाजार, पाहुणे आणि राहिलेली झोप यांतून वाचनाला तास-दोन तास उरले म्हणजे पुष्कळ. त्या वेळात वाचावे काय? बँकेतला मनुष्य पैशाविषयी वाचतो, कारखान्यातला यंत्राविषयी, आणि ज्याला त्यांपासून सुटका हवी तो कादंबरी घेतो. आमची सूचना निराळी आहे. विषय एकच घ्यावा, पण तो विज्ञान, व्यापार आणि संस्कृती अशा तिन्ही अंगांनी वाचावा.

उदाहरण जवळचेच घेऊ. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि दगडाचे खांब तयार झाले. ही कथा भूगर्भशास्त्राची. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. ही कथा श्रद्धेची. आणि भोवतालचा दगड बांधकामासाठी फोडून नेला, म्हणून साठेक मीटरांचा हा सुळका इमारतींच्या गर्दीत एकटा उरला. ही कथा बाजाराची. अमेरिकेत वायोमिंग येथे अशाच उभ्या खांबांचा डेव्हिल्स टॉवर आहे. १९०६ साली तेथील सरकारने त्याला राष्ट्रीय स्मारक ठरविले. आमच्याकडे ज्यांना दगडाचा भाव ठाऊक होता त्यांना त्याचे वय ठाऊक नव्हते, आणि ज्यांना वय ठाऊक होते त्यांचे लिखाण शेजारच्या बिऱ्हाडांपर्यंत पोहोचले नाही. एकांगी वाचनाने होणारे नुकसान ते हे.

आता बोरिवलीकडे चला. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आपण धर्माची म्हणून पाहतो. परंतु तेथील शिलालेख वाचले तर कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने दिसतात. मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात व्यापारी भावांनी करविले. लेण्यांच्या दारांशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि त्यांत पावसाचे पाणी आणणारे पाट पाहिले, की स्थापत्याचा विचारही कळतो. पैसा बंदराचा, कसब पाथरवटाचे, हेतू धर्माचा. यांतले एक वगळले तर कान्हेरी अर्धीच समजेल.

मराठी वाचकाला हे नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, त्यात विज्ञान आणि इतिहास शेजारी-शेजारी बसले. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते नांगर करणाऱ्या कारखान्याचे पत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे घरादाराने वाचावे असे मासिक केले. लोखंडाचा नांगर आणि वाङ्मय यांना एकाच घरात जागा आहे, हे त्या वाचकांना पटले होते.

कोणी म्हणेल, इतका वेळ कोठे आहे? महिन्याला एकच विषय धरावा. पहिल्या रविवारी त्याचे शास्त्र वाचावे, दुसऱ्या रविवारी त्यामागचा पैसा व व्यवहार, तिसऱ्या रविवारी इतिहास व वाङ्मय. चौथ्या रविवारी मुलांना घेऊन ती जागा पाहून यावी. ग्रंथपालाला विषय सांगितला तर तो तीन कपाटांतून तीन पुस्तके काढून देईल. हे काम त्यालाही आवडते. आणि घरातल्या तिघांनी तीन पुस्तके वाटून घेतली, तर रात्रीच्या जेवणाला बोलण्यासारखे काही निघेल.

टेकडी गेल्यावर तिच्याविषयी हळहळणारे पुष्कळ मिळतात. ती असताना तिच्याविषयी वाचणारे शंभर लोक एका उपनगरात निघाले, तर त्यांना विचारल्याशिवाय सुरुंग लावणे कठीण जाईल. येत्या रविवारी आपण कोणता विषय घेणार, तेवढे घरी जाताना ठरवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.