परदेशी कायदा आणि गिरणगावची साक्ष



१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने असे मानले की, परदेशाचा कायदा हा न्यायालयाला आपोआप ज्ञात असलेला कायदा नसून, तज्ज्ञाच्या मतासारख्या पुराव्याने सिद्ध करण्याची वस्तुस्थिती आहे. न्यायालयासाठी घातलेला हा दंडक कायदा घडवणाऱ्यांनाही लागू पडतो. कारण परक्या देशातील कलम कोणत्या अडचणीतून जन्मले आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडला, हे तपासल्याशिवाय ते येथे रुजेल की नाही, हे सांगता येत नाही. कापडगिरण्यांमुळे गिरणगाव म्हणवणाऱ्या मुंबईतील परळ-लालबागच्या ज्या परिसरात आपल्या विधी महाविद्यालयाचे हे स्नेहसंमेलन भरले आहे, त्याच्या इतिहासात या तपासाचे एक ठळक उदाहरण सापडते. ते म्हणजे प्रसूतिलाभाचे, अर्थात बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला मिळणाऱ्या रजेचे आणि रकमेचे.

स्वित्झर्लंडने १८७७ च्या कारखाना कायद्याने बाळंतपणाआधीचे व नंतरचे मिळून आठ आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई केली आणि ब्रिटनने १८९१ मध्ये प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांपुरती तशीच बंदी घातली. मात्र बुडालेल्या मजुरीची भरपाई या कायद्यांत नसल्याने विश्रांतीबरोबर उपासमारही पदरी येत असे. जर्मनीने १८८३ मध्ये आजारविम्याची, म्हणजे मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या निधीची व्यवस्था केली आणि विमेदार बाळंतिणीला त्यातून रक्कम देऊ केली.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर प्रत्येकी सहा आठवड्यांच्या विश्रांतीचे तत्त्व स्वीकारले व तिचा खर्च सरकारी निधीतून किंवा विम्यातून करावा असे ठरवले. लोअर परळच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, ते नारायण मल्हार जोशी या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढे मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी मांडलेले प्रसूतिलाभ विधेयक मात्र नामंजूर झाले.

मुंबईच्या विधिमंडळात १९२८ मध्ये असेच विधेयक आले, तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. इतर देशांत हा भार काही अंशी सरकार उचलते याकडे लक्ष वेधून, लोककल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्याने येथेही तो बराचसा सरकारने सोसावा, असे त्यांनी मांडले. १९२९ च्या मुंबई कायद्याने रजा व रक्कम दिली खरी, पण खर्च एकट्या मालकावर टाकला, आणि त्यामुळे स्त्रीला कामावर ठेवणे म्हणजे जादा खर्च ओढवून घेणे, असा हिशेब मालकापुढे उभा राहिला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले; रात्रपाळीवरील बंदी आणि कामाची फेररचना हीदेखील त्यामागची कारणे असली, तरी सूत गुंडाळण्याच्या (वाइंडिंग-रीलिंग) खात्यांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या संदर्भात हा हिशेब दुर्लक्षिता येत नाही.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विम्याचे तत्त्व येथे आणले. केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत या रजेचे वेतन आजही मालकच देतो, त्यामुळे १९२८ चा प्रश्न मिटलेला नाही.

म्हणून परदेशी कायदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याने रजेच्या आठवड्यांबरोबरच पैशाची वाटही शोधावी. तज्ज्ञाच्या मताने न्यायालयात परदेशी कायदा सिद्ध होतो. तो येथे उपयोगी पडेल की नाही, याची साक्ष मात्र त्याखाली जगणाऱ्या माणसांकडूनच घ्यावी लागते, आणि ती साक्ष घेण्याची सवय या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना लागो, हीच या प्रसंगीची शुभेच्छा.