वाकड्या रानाचे माप



टेंभुर्णीच्या शिवारात काटकोनात बसणारे रान शोधू गेलात तर दमाल! कुठे ओढ्याने लचका तोडलेला, कुठे बांधच तिरका. अशा रानात ज्वारी किती झाली, हे सगळी न कापता कसे सांगायचे?

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी या प्रश्नावर मोठे काम केले. रीत अशी: रानाच्या लांबीरुंदीतून चिठ्ठीने दोन आकडे काढायचे, तितकी पावले चालून खुंटी ठोकायची. जागा बांधाबाहेर पडली तर नवी चिठ्ठी. तिथला ठराविक तुकडा कापून दाणे तोलायचे. तुकडा फार लहान घेतला, तर कडेची ताटे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवून दिले.

पण चिठ्ठीच्या जागा कधी एकाच कोपऱ्यात गर्दी करतात. सारख्या अंतरावर खुंट्या ठोकाव्यात, तर त्या नेमक्या सऱ्यांच्या अंतराशी जुळायच्या. मग फसलोच की! तोड अशी, की अंतर सारखे ठेवावे, पण पहिली खुंटी चिठ्ठीने ठरवावी. चार वेगळ्या चिठ्ठ्यांनी चार उत्तरे काढली, म्हणजे त्यांच्या तफावतीवरून चुकीचाही अंदाज येतो.

गुरुजी, वर्गात पिंपळाचे पान घ्या. एक सेंटिमीटर चौकटींच्या कागदावर ते न बघता टाका, कडेने रेघ ओढा आणि आत आलेले चौकटींचे कोपरे मोजा. एका कोपऱ्यामागे एक चौरस सेंटिमीटर. पान उचलून पुन्हा टाका, पुन्हा मोजा. दहा मुलांचे दहा आकडे फळ्यावर मांडून सरासरी काढू द्या.