मदत मागण्याआधी हक्क मागा

(बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी पदवीधरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. घरात कुणी आजारी पडलं की पहिला फोन आपल्याला येतो. डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायचं आपणच, फॉर्म भरायचे आपणच, पैसे उभे करायचे तेही आपणच. गेले आठ महिने मी हेच करतोय. माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची आहे. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. किडनी आई देणार आहे, तिच्या तपासण्या चालू आहेत. आम्ही बिदर जिल्ह्यातले. घरात मराठी, कागदपत्रं कन्नडमध्ये. या धावपळीत जे कळलं ते सांगतो.

रुग्णालयाने खर्चाचा अंदाज दिला सात लाखांचा. त्यानंतर किडनी टिकवायची औषधं जन्मभर. आम्ही आधी अर्ज केले, उरलेल्या रकमेसाठी आवाहन केलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा, कारण बहुतेक योजनांत मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी लागते आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. बिल भरून झाल्यावर अर्ज घेऊन गेलात तर फार काही हाती लागत नाही.

कर्नाटकात बीपीएल कार्ड असलेल्यांना सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत प्रत्यारोपणासाठी मदत मिळते. इथे व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात सरकारची नेफ्रो-युरोलॉजी संस्था आहे, तिथे चौकशी केल्याशिवाय खासगीचा आकडा अंतिम मानू नका. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. त्याच वर्षी ही योजना सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू करण्याचा निर्णय झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या, ठरलेल्या उत्पन्नाच्या आतल्या रुग्णांसाठी डॉ. आंबेडकर फाउंडेशनची वैद्यकीय मदत योजना आहे, तिच्यात किडनी येते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही अर्ज करता येतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि रुग्णालयाचं खर्चाचं पत्रक या चार कागदांची एक फाइल आजच करून ठेवा.

अर्ज करताना मान खाली घालायचं कारण नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायचं काम बी. पी. आडारकरांकडे दिलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आज ज्याला आपण ईएसआय म्हणतो तो हाच. उपचार हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही, हा विचार आपल्याच परंपरेतला आहे.

आता आवाहनाबद्दल. पहिल्या आठवड्यात आमचे एकतीस हजार जमले, बहुतेक शंभर-दोनशेच्या रकमांनी. पाठवणारे कोण? वसतिगृहातले जुने मित्र, गावातल्या अंगणवाडीच्या ताई, आमच्या इमारतीचा वॉचमन. त्याच सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांसाठी चार दिवसांत सहा लाख जमले. त्याच्या काकांचे मित्र, अमेरिकेतले मावसभाऊ, वडिलांबरोबर शिकलेले अधिकारी. त्याचे वडील बरे झाले याचा मला आनंदच आहे. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्या जमीन, नोकऱ्या आणि ओळखी साठत गेल्या, त्यांची लिंक पैसे असलेल्यांपर्यंत पोचते. आपली लिंक आपल्यासारख्याच ओढग्रस्त माणसांपर्यंत पोचते. आवाहनात जात लिहिलेली नसते, ती जमलेल्या आकड्यात दिसते.

एकाने सल्ला दिला, आडनाव काढ आणि बहिणीचा रडतानाचा फोटो लाव. बहीण म्हणाली, "दादा, फोटो हसरा लाव आणि नाव पूर्ण लिही." आम्ही तसंच केलं. एका नातेवाइकाने विचारलं, मुलीसाठी एवढा खर्च? त्याला आईनेच उत्तर दिलं, "किडनी माझी आहे, कुणाला द्यायची ते मी ठरवीन." आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. हा हिशेब आपल्या घरातही तपासा.

आवाहन करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळा. पैसे शक्यतो रुग्णालयातल्या रुग्णाच्या खात्यावर मागा आणि दर आठवड्याला जमाखर्च कळवा. शंभर रुपये देणाऱ्यालाही हिशेब मिळाला पाहिजे. आणि "किडनीची सोय करून देतो" म्हणणारा दलाल भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं, दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. किडनी विकायला लावलेला माणूसही बहुधा आपल्यासारख्याच कर्जबाजारी घरातला असतो.

शेवटी एक प्रस्ताव. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला लंडनला परत गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. वेळेला उभा राहणारा माणूस असणं म्हणजे काय, ते यातून कळतं. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी शाहू महाराज येणार नाहीत. पण या खोलीत आपण साठ जण आहोत. महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये काढले तर वर्षाला तीन लाख साठ हजार होतात. माझ्या बहिणीसाठी हे मागत नाही, तिचं आवाहन वेगळं चालू आहे. पुढच्या फोनसाठी मागतोय. तो फोन कुणाला येईल, हे आज कुणालाच माहीत नाही. खातं दोन सह्यांचं असावं, हिशेब सगळ्यांना खुला असावा. तयारी असेल त्यांनी चहाच्या आधी वहीत नाव लिहा.

जय भीम.