बॅटरीची रोजकीर्द

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



संस्थेचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. आज मी आपल्या फिरत्या दवाखान्यातील एका बॅटरीच्या जमाखर्चाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विद्युत्शास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि जी चूक घडली तिच्या देयकावर माझी सही असल्याने ती आपल्यापुढे मांडणे माझेच कर्तव्य आहे.

जुलै २०२३ मध्ये आपले वाहन घाटाखालच्या पाड्यांवर गेले होते. तिसऱ्या प्रहरी एक पिता श्वानदंश झालेल्या आपल्या मुलाला लसीच्या तिसऱ्या दिवसाच्या मात्रेसाठी घेऊन आला. परिचारिकेने फ्रीज उघडला, तेव्हा तापमापक १६ अंश दाखवीत होता. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. त्या कुप्या बाद कराव्या लागल्या. सोबतचे इन्सुलिनही गेले. इंजिनाची बॅटरी सुदैवाने स्वतंत्र होती, म्हणून त्या मुलास त्याच वाहनातून रुग्णालयात आणून रात्री मात्रा देता आली. वाहन अडकले असते तर काय, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आश्चर्य असे की, भिंतीवरील बॅटरी मॉनिटर त्या वेळी ८७ टक्के शिल्लक दाखवीत होता.

परदेशातील मोटारहोममध्ये वापरतात तसाच हा मॉनिटर आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाजवळ ‘शंट’ नावाची धातूची जाड पट्टी बसवितात. आपला शंट ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट देणारा आहे. फ्रीजचे ५ अँपिअर त्यातून गेले की अर्धा मिलिव्होल्ट उमटतो. हा सूक्ष्म दाब सतत मोजून, काळाशी गुणून, मॉनिटर आवक-जावक मांडतो. थोडक्यात, ती बॅटरीची रोजकीर्द होय. परंतु जी रक्कम शंटमधून गेलीच नाही, ती कीर्दीत कशी चढणार?

आपल्या वाहनात नेमके हेच झाले होते. मॉनिटर बसविताना दिवे व फ्रीज यांच्या निगेटिव्ह तारा शंटवर आणल्या गेल्या. इन्व्हर्टरची जाड काळी तार मात्र पूर्वीप्रमाणे थेट बॅटरीच्या टोकावरच राहिली. उपकरणे निर्जंतुक करण्याचे १००० वॅटचे यंत्र त्याच इन्व्हर्टरवर चालते व सुमारे ९५ अँपिअर ओढते. त्या दिवशी ते दोनदा, अर्धा-अर्धा तास चालले. म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून सुमारे ९५ अँपिअर-तास खर्च झाले आणि कीर्दीत नोंद झाली ती केवळ फ्रीज व दिव्यांच्या २० ची. शिवाय प्रवाह जितका मोठा तितकी शिसे-आम्ल बॅटरीची उपयुक्त क्षमता घटते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखविले आहे. व्होल्टेज घसरले आणि फ्रीजने स्वतःच्या संरक्षणासाठी कॉम्प्रेसर बंद केला.

त्याच मॉनिटरवर बटण दाबल्यास व्होल्टेजही दिसते. ते ११.३ होते, पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.७ च्या आसपास असते. टक्केवारी ही वहीतील शिल्लक, तर व्होल्टेज ही पेटीतील रोकड. दोन्ही ताडून पाहावीत, हा धडा मी कनिष्ठ कारकुनांना वर्षानुवर्षे देत आलो; येथे मात्र स्वतः विसरलो. ‘काम पूर्ण’ एवढा शेरा वाचून मी देयक मंजूर केले.

दुरुस्ती सोपी होती. प्रथम इन्व्हर्टर व चार्जर बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडविले. ते सर्वांत शेवटी जोडले. आता त्या टोकावर एकच तार आहे व ती शंटला जाते. इन्व्हर्टर, चार्जर, फ्रीज, दिवे आणि वाहनाच्या सांगाड्याची जोडणी हे सारे शंटच्या दुसऱ्या बाजूस आहे. सांगाड्याची तार बॅटरीच्या बाजूस राहिली असती, तर इंजिनाकडून येणारी आवकही नोंदविली गेली नसती. मॉनिटरची बारीक लाल तार पॉझिटिव्ह टोकावरून फ्यूजसह घेतली आहे. बॅटरी पूर्ण भरवून मगच मॉनिटरवर १०० टक्के नोंदविले.

आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या फेरीपूर्वी चालक व परिचारिका मिळून एकेक उपकरण चालू करतात आणि मॉनिटरवरील आकडा हलतो की नाही हे पाहून वहीत सह्या करतात. शिल्लक ५० टक्क्यांवर येताच निर्जंतुकीकरणाचे यंत्र बंद ठेवावयाचे, लसीचा फ्रीज नव्हे, असा नियम केला आहे. फ्रीजचे तापमान दर दोन तासांनी स्वतंत्र लिहिले जाते, कारण रुग्णाचा संबंध बॅटरीशी नसून त्या तापमानाशी आहे.

देणगीदारांनी दिलेल्या वाहनाची ही उणीव झाकून ठेवणे मला उचित वाटले नाही. यापुढे तांत्रिक कामाचे कोणतेही देयक प्रत्यक्ष चाचणीच्या नोंदीवाचून माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही, असे आश्वासन देतो व आपली रजा घेतो.