चालकाविना गाडी आणि नगरीचे वडील

(एलुल महिन्यात सायंप्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर)



आजचा विषय माझ्या डोळ्यांनी निवडला, असे म्हटले तरी चालेल. सत्तरी ओलांडली की या देशात वाहनपरवान्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. गेल्या वर्षी त्या तपासणीनंतर मी रात्री गाडी चालवणे सोडले. तेव्हापासून सायंप्रार्थनेला यायचे म्हणजे कोणाची तरी सोबत शोधावी लागते. माझा नातू म्हणतो, "आजोबा, थोडी वर्षे कळ काढा. शब्बाथ सोडून इतर दिवशी गाडीच तुम्हाला सिनेगॉगच्या दारात आणून सोडील."

मला ती गाडी हवी आहे, हे आधीच कबूल करतो. माझ्या शंका यंत्राचा तिटकारा असणाऱ्या माणसाच्या शंका नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर प्राण गमावतात, आणि त्या गाड्या बहुतेक माणसांनीच चालवलेल्या असतात. यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही, रागावत नाही. ते जर खरोखर अधिक जीव वाचवू शकत असेल, तर आपल्या धर्मात जीव वाचवण्याचे जे स्थान आहे ते पाहता त्याला विरोध करणे हेच पाप ठरेल. प्रश्न 'जर' या शब्दाचा आहे. ते कोणी तपासायचे, आणि चुकले तर उत्तर कोणी द्यायचे?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी या शहरी, ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची चाचणीवर असलेली स्वयंचलित गाडी तिच्यावर आदळली आणि ती मरण पावली. सरकारी चौकशीत जे उघड झाले ते ऐकण्यासारखे आहे. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. परंतु यंत्रणा तिला कधी वाहन समजे, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. ठरवून दिलेल्या जागेखेरीज इतरत्रही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे तिला शिकवलेलेच नव्हते. मूळ गाडीत असलेली आपत्कालीन ब्रेकची सोय संगणकाच्या ताब्यात गाडी असताना बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठी पूर्वी दोन माणसे बसत, ती कमी करून एक केली होती, आणि ते एक माणूस त्या वेळी भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत होते. राज्यात अशा चाचण्यांआधी सुरक्षेची योजना तपासून परवानगी देण्याची पद्धतच नव्हती.

पुढे काय झाले? कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असे २०१९ साली सरकारी वकिलाने ठरवले. २०२३ साली त्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. यंत्रणा आखणारे, ब्रेक बंद ठेवणारे, दुसरा माणूस कमी करणारे आणि न तपासता रस्ता खुला करणारे, यांपैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही.

बंधुभगिनींनो, हे वाचले तेव्हा मला 'शोफेतीम' या पराशाचा शेवट आठवला. उघड्या शेतात कोणी मारलेला माणूस सापडला आणि मारणारा कळला नाही, तर वडील मंडळींनी येऊन आसपासच्या गावांचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी कालवडीचा विधी करून, हात धुऊन, हे रक्त आम्ही सांडले नाही असे सांगावे. आपले ऋषी विचारतात, वडिलांवर खुनाचा संशय कोणाला होता? कोणालाच नव्हता. त्यांना सांगावे लागते ते इतकेच, की आलेल्या वाटसरूला आम्ही अन्नावाचून आणि सोबतीवाचून वाटेला लावले नाही. टेम्पीच्या त्या रस्त्यावर अंतर मोजायला कोणी आले असते, तर कोणत्या वडिलांना असे बोलता आले असते?

आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. घाण्याचा बैल डोळ्यांवर झापड बांधून फिरतो, त्याला काही दिसत नाही. पण घाण्यापाशी तेली बसलेला असतो आणि बैल बुजला तर लोक तेल्यालाच विचारतात. तोरेतही मारक्या बैलाबद्दल हेच आहे. बैलाची खोड माहीत असून मालकाने त्याला आवरले नाही, तर भार मालकावर. ऋषींनी तीन वेळांची मर्यादा घातली: तीनदा शिंग मारले की तो खोडकर ठरतो. आता विचार करा. या गाड्यांचे शरीर वेगवेगळे, पण मेंदू एकच. एका गाडीत जी चूक, तीच तशा सर्व गाड्यांत. मग एका बैलाने मारले की सगळ्या कळपाची खोड कळली, असेच मानले पाहिजे. तिसऱ्या वेळेची वाट पाहता येणार नाही.

आणि खोड लपवली तर? २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका स्त्रीला आधी माणसाने चालवलेल्या गाडीची धडक बसली आणि ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकली गेली. ती गाडी थांबली. मात्र नंतर कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली आणि तिने त्या स्त्रीला सुमारे सहा मीटर फरफटत नेले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाने कंपनीचे परवाने स्थगित केले. अपघाताच्या अहवालात ती फरफट सांगितलीच नव्हती. या खोट्या अहवालाबद्दल २०२४ साली कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. यंत्राची चूक एक वेळ समजू शकते. अहवालातले मौन मात्र माणसांचे होते.

अमेरिकेत गाडी सुरक्षा-नियमांना धरून आहे हे बनवणाराच प्रमाणित करतो. सरकार विक्रीपूर्वी मंजुरी देत नाही. ब्रिटनने २०२४ साली कायदा करून निराळी वाट धरली. अशी गाडी किमान काळजीपूर्वक आणि सक्षम मानवी चालकाइतकी सुरक्षित असली पाहिजे. ती स्वतः चालत असताना चालवण्याची जबाबदारी आत बसलेल्यावर नसून मान्यताप्राप्त कंपनीवर राहील. आणि अपघातांच्या चौकशीसाठी निरीक्षक असतील. आपल्या क्नेसेटनेही २०२२ साली चालकाविना प्रवासी वाहनांच्या चाचण्यांना मुभा देणारा कायदा संमत केला. यरुशलायीमच्या मोबिलआय कंपनीने सुरक्षित अंतर कशाला म्हणावे याचे गणिती नियम २०१७ साली जगापुढे मांडले, याचा मला अभिमान आहे. तरीही परीक्षार्थीने प्रश्नपत्रिका काढली, तर उत्तरे तपासणारा तरी दुसरा असावा.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. रस्त्यावर येण्याआधी गाडीची परीक्षा त्रयस्थाने घ्यावी. प्रत्येक अपघाताची नोंद पूर्ण आणि उघड असावी. आणि उत्तर देणारा माणूस कोण, त्याचे नाव आधीच लिहिलेले असावे. नवे घर बांधलेस तर गच्चीला कठडा घाल, असे तोरा सांगते. कोणी पडल्यावर घाल, असे ती सांगत नाही. घर बांधू नकोस, असेही सांगत नाही.

नातवाची गाडी येईल तेव्हा मी तिच्यात आनंदाने बसेन. तिचा कठडा कोणी बांधला, एवढे मात्र दार उघडण्यापूर्वी विचारीन. तोवर आज मला इथे सोबत करून आणणाऱ्या शेजाऱ्याचे आभार मानतो. वाटसरूला सोबतीवाचून सोडू नये, हे त्याने कोणत्याही कायद्यावाचून पाळले आहे.

येणारे वर्ष सर्वांना गोड आणि सुखरूप जावो. तिझ्कू लेशानीम रब्बोत.