बाळंतपण आणि आईचं हृदय

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत बारशी पुष्कळ झाली, म्हणून मी भूलतज्ज्ञ असल्यानं हा विषय घेतला.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असेल, तर ते फुफ्फुसात तुंबतं. धाप लागते, आणि घरचे म्हणतात, पोट वाढलंय, लागणारच! इथेच घोटाळा होतो. रात्री आडवं पडवत नसेल, उशा रचून बसावं लागत असेल, तर टूडी एको करून घ्या.

कळांनी नाडी धावते, ते अशा झडपेला झेपत नाही. म्हणून पाठीत बारीक नळी घालून एपिड्युरल भूल हळूहळू देतो. एकदम दिली तर रक्तदाब कोसळतो. मॉनिटरवर ईसीजी, ऑक्सिजन सारखं बघायचं. बाहेर पेढे वाटले तरी आम्ही हलत नाही. गर्भाशय आकसतं, त्यातलं रक्त हृदयाकडे परततं; पुढचे २४ तास तरी जोखमीचेच.

जालन्याहून संभाजीनगरची घाटी साठेक किलोमीटर. बाळंतपण कुठे करायचं ते सातव्या महिन्याआधीच ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सासूबाईंनी सोबत जावं.